उपकरण-रजिस्टरांचे वाचन-लेखन

उपकरण-रजिस्टरांचे वाचन-लेखन : संगणकाला जोडलेले मुद्रक, चुंबकीय चकती, नेटवर्क कार्ड इ. उपकरणांमध्ये काही लहान नोंदस्थाने असतात. त्यांना उपकरणाची रजिस्टरे म्हणतात. उपकरणाला काम सांगणे, त्याची स्थिती विचारणे व त्याच्याशी माहितीची देवघेव करणे हे सर्व या रजिस्टरांमार्फत चालते. हा व्यवहार करणाऱ्या आज्ञावलीस ड्रायव्हर असे म्हणतात. रजिस्टरात लिहिणे वा त्यातून वाचणे हे वरवर पाहता संगणकाच्या स्मृतीतील एखाद्या जागेत लिहिण्या-वाचण्यासारखेच दिसते. तथापि दोहोंत मूलभूत फरक आहे. स्मृतीतील जागा कितीही वेळा वाचली, तरी तीत बदल होत नाही. रजिस्टर वाचल्याने मात्र उपकरणाची स्थिती बदलू शकते. उदा., कळफलकाचे रजिस्टर वाचताच ‘अक्षर तयार आहे’ ही खूण पुसली जाते. तसेच तीच किंमत दुसऱ्यांदा लिहिणे स्मृतीच्या बाबतीत निरर्थक ठरते, तर उपकरणाच्या बाबतीत तो दुसरा हुकूम ठरतो. म्हणून या वाचन-लेखनासाठी कोणती यंत्रआज्ञा अथवा कोणते फंक्शन वापरावे, ही निवड ड्रायव्हरची गती व अचूकता या दोन्ही दृष्टींनी महत्त्वाची ठरते. या निवडीचा विकास कसा झाला, याचा आढावा महाराष्ट्रातील संस्थांच्या कार्याच्या संदर्भासह प्रस्तुत नोंदीत घेतला आहे.

प्रारंभीचा काळ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाला. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका व ४० अंकस्थानांच्या २,०४८ शब्दांची फेराइट-गाभा स्मृती होती. आदान-प्रदानाचे नियंत्रण हाताने चालवावयाच्या फलकावरून होत असे आणि आज्ञावल्या ० व १ या अंकांच्या यांत्रिक भाषेत लिहिल्या जात. अशा यंत्रावर ड्रायव्हर हा वेगळा घटक नव्हता. गणित मांडणारी व्यक्तीच उपकरणाला द्यावयाचे संकेतही आपल्या आज्ञावलीत लिहीत असे. गणकयंत्राची गती वाढू लागली, तशी मुद्रक व फितीयंत्र यांची मंद गती ही अडचण ठरू लागली. आयबीएम ७०९ या १९५८ च्या संगणकात त्यासाठी स्वतंत्र आदान-प्रदान वाहिन्या योजिल्या गेल्या. मुख्य गणकाने वाहिनीला काम सोपवावयाचे व आपले गणित पुढे चालू ठेवावयाचे, ही कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

ट्राँबे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेला व इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या कंपनीने १९६९ मध्ये तयार केलेला टीडीसी-१२ हा १२ अंकस्थानांचा भारतीय लघुसंगणक होय. या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध यंत्र म्हणजे अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा १९६५ मधील पीडीपी-८. त्याच्या आदान-प्रदानाच्या आज्ञेतील १२ अंकस्थानांपैकी ३ आज्ञेचा प्रकार दाखवीत, ६ उपकरणाचा क्रमांक दाखवीत व उरलेली ३ उपकरणाकडे स्पंद पाठवीत. अशा रीतीने ६४ उपकरणांचे क्रमांक उपलब्ध होत. येथे निवडीला फारसा वाव नव्हता. उपकरणाशी बोलण्याचा एकच मार्ग होता.

दोन मार्ग : १९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ या यंत्राने निराळा मार्ग दाखविला. त्यात स्मृती व उपकरणे युनिबस या एकाच सामाईक तारमालिकेवर बसविलेली होती आणि पत्त्यांच्या श्रेणीतील सर्वांत वरचे ४,०९६ शब्द उपकरणांच्या रजिस्टरांसाठी राखून ठेवले होते. त्यामुळे वेगळ्या आदान-प्रदान आज्ञांची गरजच उरली नाही. स्मृतीवर चालणारी कोणतीही आज्ञा रजिस्टरावरही चाले. या पद्धतीस स्मृति-आलेखित आदान-प्रदान म्हणता येईल. मोटोरोला ६८०० (१९७४) या मायक्रोप्रोसेसरानेही हाच मार्ग पत्करला. इंटेल ८०८० (१९७४) मध्ये मात्र उपकरणांसाठी २५६ पत्त्यांची वेगळी श्रेणी व ‘इन’ आणि ‘आउट’ या स्वतंत्र आज्ञा होत्या. यास द्वारपद्धती म्हणता येईल. ८०८६ (१९७८) मध्ये द्वारांची संख्या ६५,५३६ झाली.

८०८५ व अभियांत्रिकी शिक्षण : १९७६ मधील इंटेल ८०८५ या मायक्रोप्रोसेसरात वरील दोन्ही मार्ग उपलब्ध होते. त्यामुळे भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत रजिस्टर-व्यवहाराचा पहिला परिचय बहुधा याच प्रोसेसरावर होत आला आहे. विदर्भात या शिक्षणाचा विस्तार १९८० नंतरच्या दशकात झाला. रामटेक (जि. नागपूर) येथील कविकुलगुरू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्स हे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८५ मध्ये स्थापन झाले. मोठा संगणक दुर्मिळ असण्याच्या त्या काळात हाताच्या दोन वितींत मावणारा ८०८५ चा प्रयोगसंच हे असे साधन होते की, ज्यावर विद्यार्थी प्रत्येक आज्ञेचा कालावधी स्वतः मोजू शकत असे.

निवडीचे मूळ तत्त्व या संचावर स्पष्टपणे दिसून येते. घड्याळाची गती ३ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास धरल्यास एका ठोक्यास सु. ०.३३ मायक्रोसेकंद लागतो. ‘आउट’ ही आज्ञा दोन बाइटांची असून तिला १० ठोके, म्हणजे सु. ३.३ मायक्रोसेकंद लागतात. तेच रजिस्टर स्मृतीच्या पत्त्यावर बसविले व ‘एसटीए’ या आज्ञेने लिहिले, तर तीन बाइट व १३ ठोके लागतात. परंतु पत्ता एच-एल या जोडरजिस्टरात आधीच भरून ठेवला असेल, तर ‘मूव्ह’ ही एका बाइटाची आज्ञा ७ ठोक्यांत तेच काम करते. म्हणजे एखादे वेळी एकच लेखन करावयाचे असल्यास द्वारपद्धती बरी. एकाच रजिस्टरात शेकडो वेळा लिहावयाचे असल्यास स्मृतीचा मार्ग बरा. अमुक मार्ग सर्वकाळ जलद, असे म्हणता येत नाही. उपयोग पाहूनच निवड करावी लागते.

८०८५ बरोबर वापरल्या जाणाऱ्या ८२५५ या जोडणी-मंडलाचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. त्याच्या ‘सी’ द्वारातील आठांपैकी एकच अंकस्थान १ करावयाचे असल्यास सरळ रीत अशी : द्वार वाचावे (१० ठोके), हवे ते अंकस्थान मिळवावे (७ ठोके) व पुन्हा लिहावे (१० ठोके), एकूण २७ ठोके. याऐवजी नियंत्रण-रजिस्टरात एक विशिष्ट शब्द लिहिला, तर तेवढेच अंकस्थान बदलते. त्यास शब्द भरण्याचे ७ व लिहिण्याचे १० असे १७ ठोके पुरतात. वेळेची बचत हा यातील लहान लाभ होय. पहिल्या रीतीत वाचन व लेखन यांच्या मध्ये इंटरप्ट आला आणि त्याच्या आज्ञावलीने त्याच द्वारातील दुसरे अंकस्थान बदलले, तर परत आल्यावर जुनी किंमत लिहिली जाऊन तो बदल पुसला जातो. अशी चूक क्वचितच घडते व म्हणूनच ती सापडत नाही. दुसऱ्या रीतीत ती उद्‌भवतच नाही.

उच्चस्तरीय भाषेतील ड्रायव्हर : १९७३ मध्ये यूनिक्स या प्रचालन प्रणालीचे गाभातंत्र सी भाषेत नव्याने लिहिण्यात आले. पीडीपी-११ वर रजिस्टरे स्मृतीच्या पत्त्यांवर असल्यामुळे सी मधील दर्शकाने (पॉइंटरने) त्यांच्याशी थेट व्यवहार करता येई. भाषांतरक (कंपायलर) जसजसे कुशल झाले, तसतशी यातील अडचण पुढे आली. एकाच जागेचे वारंवार होणारे वाचन भाषांतरकास अनावश्यक वाटते व तो ते गाळून टाकतो. स्मृतीसाठी ही काटकसर योग्य, पण स्थितिदर्शक रजिस्टर बदलण्याची वाट पाहणारा ड्रायव्हर त्यामुळे कायमचा अडकून पडतो. १९८९ च्या अमेरिकन प्रमाण सी भाषेत ‘व्होलटाइल’ हा शब्द यासाठी समाविष्ट झाला. या शब्दाने भाषांतरकास आवर बसतो. प्रोसेसराने स्वतःहून केलेल्या क्रमबदलास मात्र तो आळा घालू शकत नाही.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या लिनक्स या प्रणालीपुढे हा प्रश्न अधिक व्यापक रूपात आला, कारण तीच ड्रायव्हर-आज्ञावली अनेक जातींच्या प्रोसेसरांवर चालविण्याची अपेक्षा होती. १९९२ च्या अल्फा प्रोसेसराच्या प्रारंभीच्या आवृत्त्यांत ८ वा १६ अंकस्थानांचे एकटे वाचन-लेखन करणारी आज्ञाच नव्हती. त्यावर आधारलेल्या काही संगणकांत उपकरणांचे पत्ते विरळ पसरून किती बाइट हवेत ते पत्त्यातच सांकेतिक रीत्या दर्शवावे लागे. अशा यंत्रावर साधा दर्शक निरुपयोगी ठरतो. म्हणून रजिस्टराचा पत्ता ‘आयओरीमॅप’ या फंक्शनाकडून मिळवावा व त्याचा उपयोग केवळ नेमून दिलेल्या फंक्शनांमार्फतच करावा, हा दंडक रूढ झाला. द्वारपद्धतीसाठी ‘इनबी’, ‘आउटबी’ आणि स्मृति-आलेखित रजिस्टरांसाठी ‘रीडएल’, ‘रायटएल’ ही त्यांतील प्रमुख फंक्शने होत.

विलंबाचा प्रश्न : १९९२ मध्ये प्रसृत झालेल्या पीसीआय या बसने व तिच्या २००३ पासूनच्या पीसीआय एक्सप्रेस या वारसाने निवडीच्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. या बसवर स्मृति-आलेखित लेखन हे पेटीत टाकलेल्या पत्रासारखे असते : पत्र टाकून प्रोसेसर पुढच्या कामाला लागतो. वाचन मात्र समोरासमोर विचारलेल्या प्रश्नासारखे असून उत्तर येईपर्यंत प्रोसेसराला खोळंबावे लागते. हा खोळंबा शेकडो नॅनोसेकंदांपासून सु. एक मायक्रोसेकंदापर्यंत असू शकतो. ३ गिगॅहर्ट्‌झच्या प्रोसेसराचे या काळात सु. ३,००० ठोके वाया जातात. सेकंदास १० अब्ज अंकस्थाने वाहणाऱ्या नेटवर्कवर सर्वांत लहान आकाराची पुडकी सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून अधिक, म्हणजे दर ६७ नॅनोसेकंदांस एक या वेगाने येऊ शकतात. प्रत्येक पुडक्यामागे एक रजिस्टर वाचणारा ड्रायव्हर हा वेग कधीही गाठू शकणार नाही, हे या आकड्यांवरून उघड होते.

यामुळे कार्यक्षम ड्रायव्हरचा पहिला नियम ‘जलद वाचावे’ असा न राहता ‘वाचूच नये’ असा झाला. ड्रायव्हरने आपण लिहिलेल्या किंमतीची प्रत स्मृतीत ठेवावी व रजिस्टराऐवजी ती पाहावी. उपकरणाने आपली स्थिती स्मृतीतच लिहून ठेवावी. अशा योजना प्रचारात आल्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई या साठवण-उपकरणांच्या मानकात हुकूम देताना वा तो पूर्ण झाल्याचे पाहताना रजिस्टर वाचण्याची गरजच ठेवलेली नाही. ‘दारघंटी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रजिस्टरात केलेले एक लेखन पुरते. मंद बसवर तर स्मृतीतील प्रतीचे महत्त्व अधिकच असते. आयस्क्वेअरसी या दोनतारी जोडणीवर सेकंदास ४ लाख अंकस्थाने या गतीने एक रजिस्टर वाचण्यास सु. ९० मायक्रोसेकंदांहून अधिक काळ लागतो. अशा रजिस्टरांच्या प्रती सांभाळणारी ‘रेगमॅप’ ही सामाईक यंत्रणा लिनक्समध्ये २०११ साली आली.

लेखन पेटीत टाकले जाते, याचा दुसरा परिणामही ध्यानी घ्यावा लागतो. ‘इंटरप्ट बंद कर’ असे लिहिल्याबरोबर तो बंद झाला, असे मानता येत नाही. लेखन उपकरणापर्यंत पोचल्याची खात्री हवी असल्यास त्याच उपकरणाचे एखादे रजिस्टर वाचावे लागते. कारण वाचन आधीच्या लेखनास ओलांडून जात नाही. येथे वाचनाचा खर्च हा अपव्यय नसून खात्रीचे मोल होय.

क्रमाचा प्रश्न : उपकरण स्मृतीतून थेट माहिती उचलत असेल, तर ड्रायव्हर प्रथम स्मृतीत कामाचा तपशील लिहितो व मग दारघंटीचे रजिस्टर लिहितो. आर्म, अल्फा, पॉवर इ. प्रोसेसर ही दोन लेखने उलट क्रमाने बाहेर पाठवू शकतात. तसे झाल्यास उपकरण घंटी ऐकून जुनाच तपशील उचलते व भलतीच माहिती वाहून नेते. क्रम राखण्यासाठी अडसर-आज्ञा वापराव्या लागतात, परंतु त्यांनाही वेळ लागतो. लिनक्समध्ये आर्म प्रोसेसरांसाठी २०१० च्या सुमारास ‘रायटएल’ मध्ये असा अडसर घालण्यात आला आणि अडसर नसलेली ‘रीडएल-रिलॅक्स्ड’, ‘रायटएल-रिलॅक्स्ड’ ही शिथिल फंक्शने वेगळी ठेवण्यात आली. शिथिल लेखनाचे फंक्शन २०१४ मध्ये सर्व प्रोसेसरांसाठी उपलब्ध झाले. रिस्क-व्ही या खुल्या आराखड्यात तर अडसर-आज्ञेतच उपकरण-वाचन, उपकरण-लेखन, स्मृति-वाचन व स्मृति-लेखन यांचा स्वतंत्र निर्देश करता येतो.

फंक्शनांची निवड : वरील विकासक्रमातून निवडीचे काही सर्वमान्य संकेत निर्माण झाले आहेत. (१) उपकरण द्वारपद्धतीने व स्मृतिपद्धतीने अशा दोन्ही प्रकारे जोडले जात असल्यास २००४ मध्ये आलेली ‘आयओरीड’, ‘आयओराइट’ ही फंक्शने सोयीची असतात. पण काही यंत्रांवर ती दर वेळी पत्त्याचा प्रकार तपासतात. उपकरण केवळ स्मृतिपद्धतीचे आहे हे निश्चित असल्यास ‘रीडएल’, ‘रायटएल’ सरळ पडतात. (२) एकाच उपकरणाची अनेक रजिस्टरे ओळीने भरावयाची असल्यास सर्व लेखने शिथिल फंक्शनाने करून काम सुरू करणारे शेवटचे लेखन तेवढे क्रमबद्ध फंक्शनाने करावे. (३) एकाच पत्त्यावरील रांग-रजिस्टरात पुष्कळ शब्द ओतावयाचे असल्यास ‘रायटएसएल’ सारखे मालिका-फंक्शन वापरावे. ‘रायटएल’ बाइटांचा क्रम आवश्यक तेथे उलटविते, मालिका-फंक्शन तसे करीत नाही, याची मात्र नोंद ठेवावी. (४) सलग पत्त्यांवरील उपकरण-स्मृतीसाठी ‘मेमकॉपी-टूआयओ’ हे फंक्शन वापरावे. सामान्य स्मृतीची नक्कल करणारे फंक्शन तेथे चालत नाही.

नेमून दिलेला मार्ग सोडल्यास काय होते, याचे एक सुविदित उदाहरण २००८ मध्ये घडले. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत असताना इंटेलच्या ई-१०००-ई या ड्रायव्हरने चालणाऱ्या नेटवर्क कार्डांतील कायम स्मृती बिघडू लागली. प्रथम संशय ड्रायव्हरवर आला. दोष वस्तुतः गाभातंत्राच्या मागोवा घेणाऱ्या एका वेगळ्या यंत्रणेत होता. ती आज्ञावलीच्या जुन्या पत्त्यावर ‘तुलना करून बदल’ ही यंत्रआज्ञा चालवीत असे. तो पत्ता मोकळा होऊन कार्डाच्या कायम स्मृतीला दिला गेला होता. ही आज्ञा तुलना न जुळल्यासही लेखन करते. सामान्य स्मृतीत त्याने काही बिघडत नाही, परंतु येथे ते लेखन थेट उपकरणावर झाले. त्यानंतरच्या २.६.२७.१ या सुधारित आवृत्तीत ती यंत्रणा बंद ठेवावी लागली.

पुणे येथील कार्य : अमेरिकेच्या निर्यातनिर्बंधांमुळे महासंगणक मिळविणे कठीण झाल्यावर १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. त्याचे संस्थापक संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले. केंद्राचा परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये पूर्ण झाला. त्यात वापरलेल्या ट्रान्सप्यूटर या प्रोसेसराची रजिस्टर-व्यवहाराची रीत लक्षणीय होती. त्याला शेजारच्या प्रोसेसरांशी जोडणाऱ्या चार जोडण्या असत व त्यांच्या वाहिन्यांना पत्त्यांच्या श्रेणीतील सर्वांत खालची स्थाने नेमून दिलेली होती. ‘इन’ व ‘आउट’ याच आज्ञा एका प्रोसेसरातील दोन प्रक्रियांमध्ये तसेच दोन प्रोसेसरांमध्ये संदेश नेत. पत्ता पाहून यंत्रच योग्य मार्ग ठरवी आणि संदेश जाईपर्यंत प्रोसेसर दुसरी प्रक्रिया चालवी. म्हणजे निवडीचा भार ड्रायव्हर लिहिणाऱ्याऐवजी यंत्राने उचलला होता.

ट्रान्सप्यूटरचे उत्पादन मागे पडल्यावर परम १०००० (१९९८) बाजारातील सर्वसामान्य प्रोसेसरांवर बांधला गेला. त्यामुळे संदेशवहनाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला : सामान्य प्रणालीत प्रत्येक संदेशासाठी गाभातंत्रात जाऊन यावे लागते व त्यातच बराच वेळ जातो. कॉम्पॅक, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘व्हर्च्युअल इंटरफेस’ रचनेत गाभातंत्राचे काम प्रारंभीच्या मांडणीपुरते ठेवलेले होते. त्यानंतर दारघंटीचे रजिस्टर वापरकर्त्याच्या आज्ञावलीच्या पत्त्यांतच बसविले जाई व तीत एक लेखन करताच संदेश निघे. सी-डॅकने परमनेट-२ या आपल्या जाळ्यासाठी संदेशवाहक सहप्रोसेसर, स्विच व या रचनेची स्वतःची फंक्शनमालिका तयार केली. २००३ मधील परम पद्म या महासंगणकात हे जाळे वापरले गेले आणि त्या वर्षी जूनमध्ये जगातील ५०० शक्तिशाली संगणकांच्या यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले. पुढे २००८ मध्ये पुणे येथे उभारलेल्या परम युवा या महासंगणकासाठी परमनेट-३ ची योजना झाली.

महत्त्व : मोठ्या यंत्रणेच्या खर्चात व श्रमात रजिस्टराचे एक वाचन नगण्य वाटते. परंतु ते दर सेकंदास लाखो वेळा घडते आणि त्यातील चूक चाचणीत सहसा आढळत नाही. बाहेरून यंत्रे विकत घेणाऱ्यास हा तपशील ठाऊक नसला तरी चालते. यंत्र स्वतः बांधणाऱ्यास तो टाळता येत नाही, हे पुण्यातील अनुभवावरून दिसून येते. रिस्क-व्हीच्या आधारे भारतात प्रोसेसर तयार होऊ लागल्यापासून त्यांना जोडावयाच्या उपकरणांचे ड्रायव्हर येथेच लिहिण्याची गरज वाढली आहे. त्यासाठी लागणारी मूळ जाण, म्हणजे प्रत्येक वाचनाचा खर्च मोजणे, प्रत्येक लेखनाचा क्रम ठरविणे व वाचन-बदल-लेखन यांच्यातील फट ओळखणे, ही ८०८५ च्या संचावर मिळणाऱ्या जाणिवेहून तत्त्वतः वेगळी नाही.